गाडी दारातच राहावी म्हणून: साखळीपासून विम्यापर्यंतचा खर्च

दुचाकी दिवसभरात दहा ठिकाणी उभी राहते, पण तिथे सहसा माणसांची वर्दळ असते. सलग सात-आठ तास कुणाचीही नजर नाही अशी ती उभी राहते फक्त घराखाली, रात्री, आणि तीही रोज त्याच जागी. पाळत ठेवणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. तरी ‘दारातच तर आहे’ म्हणून आपण हँडल लॉक करतो आणि वर निघून जातो. ज्या घरात ही एकच गाडी आहे, तिच्यावरच कामाला जायचं आहे, डिलिव्हरीचा रोजगार करायचा आहे आणि तिचे हप्तेही अजून फिटायचे आहेत, त्या घरासाठी ती चोरीला जाणं म्हणजे महिन्याचं सगळं गणित कोसळणं. अशा घराने पैसा कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्चावा, ते इथे सांगतो. किमती अंदाजाच्या आहेत. गाव, दुकान आणि कंपनीप्रमाणे पुढे-मागे होतील.

आधी हँडल लॉकबद्दल. ते लावायचंच, पण त्याच्या भरवशावर झोपायचं नाही. आत एक छोटी पिन असते. हँडल जोराने एका बाजूला झटकलं की ती तुटते. जुन्या गाड्यांमध्ये किल्ली आणि लॉक दोन्ही इतके झिजलेले असतात की भलत्याच किल्लीनेही गाडी सुरू होते. तुमच्या गाडीचं असं झालं असेल तर मेकॅनिककडून लॉकसेट बदलून घ्या. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला मजुरीसह १,००० ते २,००० रुपये लागतात. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर रात्री पेट्रोल कॉक बंद करायची सवय फुकट आहे. गाडी सुरू झाली तरी थोड्या अंतरावर बंद पडते. एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, तिथे हा उपाय चालत नाही.

दुकानात सगळ्यात आधी पुढे केलं जातं ते डिस्क लॉक. साधं ३०० ते ७००, सायरनवालं ८०० ते १,५००. मात्र तुमच्या गाडीला डिस्क ब्रेक आहे का, हे आधी बघा. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांना अजून दोन्ही चाकांना ड्रम ब्रेकच आहेत आणि ड्रमला हे कुलूप लागतच नाही. घेतलंच, तर डिस्कपासून हँडलपर्यंत ताणून अडकवायची रंगीत तार सोबत घ्या. सकाळच्या घाईत कुलूप न काढता गाडी पुढे ढकलली, तर डिस्क आणि कॅलिपर दोन्हीचं नुकसान होतं.

आता खरा मुद्दा. हँडल लॉक काय आणि डिस्क लॉक काय, ही कुलपं गाडी ढकलून किंवा चालवून नेण्यापुरतीच अडवतात. साध्या कम्युटर गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास असतं. तीन माणसं ती उचलून छोट्या टेंपोत सहज टाकतात आणि कुलूप निवांत दुसरीकडे नेऊन तोडतात. म्हणून घराच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे: पहिला मोठा खर्च गाडी एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला जखडण्यावर करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

जमिनीतली कडी

पार्किंगमध्ये जुना लोखंडी खांब, जिन्याची भक्कम सळई किंवा गेटची पक्की चौकट असेल तर नशीब समजा, कडीचा खर्च वाचला. नसेल तर फॅब्रिकेशनच्या दुकानातून १६ मिलिमीटरच्या सळईची उलट्या ‘यू’सारखी कडी वाकवून घ्या. बंगल्याच्या किंवा बैठ्या घराच्या अंगणात दीड फुटाचा खड्डा खणायचा, कडीचे दोन्ही पाय खाली आडवे वाकवून काँक्रीट भरायचं आणि आठवडाभर पाणी मारायचं. सळई, सिमेंटची गोणी, वाळू-खडी आणि गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून १,२०० ते २,००० रुपयांत काम होतं. पाय आडवे वाकवायला विसरू नका, नाहीतर कडी पहारीने उपटून निघते.

सोसायटीत काँक्रीटच्या फरशीवर प्लेटची कडी अँकर फास्टनरने बसवता येते. साहित्य आणि मजुरी मिळून ८०० ते १,५००. बोल्टची डोकी वेल्डिंगने बंद करून घ्या, म्हणजे पान्याने उघडणार नाहीत. त्यासाठी समितीची लेखी परवानगी आधी काढा. पार्किंग पोडियमवर किंवा तळघराच्या छतावर असेल तर स्लॅबला भोक पाडूच नका. तिथल्या वॉटरप्रूफिंगचं नुकसान सगळ्या इमारतीला भोगावं लागेल. अशा ठिकाणी भिंतीलगत पाइपचा आडवा दांडा खांबांना पट्ट्याने आवळून सगळ्यांसाठी बसवता येतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडा. वीस गाड्यांमध्ये वाटल्यावर माणशी खर्च किरकोळ निघतो.

भाड्याच्या खोलीत किंवा चाळीत राहणाऱ्याला खोदकाम करता येत नाही. त्याने शेजाऱ्याशी बोलून दोन गाड्यांची मागची चाकं एकाच साखळीत अडकवावीत. दोन गाड्या एकत्र उचलणं तीन माणसांच्या आवाक्याबाहेर जातं. सकाळी कोण आधी निघतो तेवढं ठरवा आणि दोघांकडे किल्ली ठेवा.

साखळीत मात्र कंजुषी करू नका. दीड-दोनशे रुपयांची प्लॅस्टिक चढवलेली केबल साध्या कटरने क्षणात तुटते. ते पैसे वाया. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साधी लोखंडी साखळीही बोल्ट कटरपुढे टिकत नाही. कठीण केलेल्या, म्हणजे हार्डन्ड पोलादाची, किमान १० मिलिमीटर जाडीची साखळी घ्या; कुलपासह १,२०० ते ३,००० रुपये. सोबत कुलूप नसेल तर बाहेर कमीत कमी कडी दिसणारं जाड शटर-कुलूप घ्या, ५०० ते १,०००. साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसमधून ओवा. नुसत्या पुढच्या चाकात घातली तर चाक सोडून बाकीची गाडी जाऊ शकते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, कारण जमिनीचा आधार मिळाला की कटर आणि हातोडा दोन्हींना जोर येतो. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कोणतीही साखळी तासभर टिकणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पण ग्राइंडर आवाज करतो, ठिणग्या उडवतो, आणि शेजारी साखळी नसलेली गाडी असताना चोर एवढा धोका सहसा पत्करत नाही.

सेन्सरचा एलईडी दिवा २०० ते ५०० रुपयांत मिळतो आणि त्याचा उपयोग किमतीच्या मानाने फार मोठा आहे. झाकायचं कव्हर ३०० ते ६००. वाय-फाय कॅमेरा मेमरी कार्डासह २,००० ते ३,५००. कॅमेरा चोरी थांबवत नाही, नंतर पोलिसांना धागा देतो. म्हणून तो साखळीच्या आधी घेऊ नका.

जीपीएस ट्रॅकरचंही तेच. उपकरण १,५०० ते ४,०००, आणि दुसऱ्या वर्षापासून सिम व सेवेचे साधारण ८०० ते १,५०० दरसाल. दुकानदार हा दुसरा आकडा आपणहून सांगत नाही, विचारून घ्या. शिवाय तो गाडीच्या बॅटरीवर चालतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर बॅटरी उतरेल. वायर कापून जोडणी करून घेतली तर गाडीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, म्हणून नवी गाडी असल्यास आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि ट्रॅकर दाखवतो तिथे एकट्याने गाडी सोडवायला जाऊ नका. ते ठिकाण पोलिसांना दाखवा.

विमा: थर्ड पार्टी म्हणजे चोरीचा विमा नव्हे

ही गोष्ट माहीत नसल्यामुळे माणसं सगळ्यात जास्त नाडली जातात. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. तो कागद बघून ‘गाडीचा विमा आहे’ असं वाटत राहतं. पण त्यातून मिळते ती तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या हानीची भरपाई. गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. चोरीची भरपाई ‘ओन डॅमेज’ भागातून मिळते, आणि नव्या गाडीसोबत तो बहुधा पहिल्या वर्षापुरताच दिलेला असतो. आजच पॉलिसी काढून त्या भागाची शेवटची तारीख वाचा. तो संपला असेल तर ओन डॅमेज पॉलिसी वेगळी घेता येते. पाच वर्षांचा थर्ड पार्टी चालू असला तरी अडचण नाही. ६०,००० रुपये मूल्याच्या गाडीला जुन्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला १,००० रुपयांच्या आसपास आणि वर १८ टक्के जीएसटी बसतो. कंपन्या त्यातही सूट देतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

भरपाई मिळते ती आयडीव्हीएवढी, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या मूल्याएवढी. दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा वजा होतो. हप्ता थोडा कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही उतरवून लावतो, त्याला हरकत घ्या. नव्या गाडीला ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोडकलम घेतलं तर बिलाची किंमत मिळू शकते. महाग गाडीला ते घेण्यासारखं आहे. पुण्याच्या एआरएआय संस्थेची मान्यता असलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर हप्त्यात लहानशी सवलत असते. तेवढ्यासाठी ते विकत घेऊ नका, पण असेल तर प्रमाणपत्र दाखवा.

दोन्ही किल्ल्या जपा. दावा करताना विमा कंपनी दोन्ही मागते, आणि एक नसेल तर ‘गाडीलाच लावून ठेवली होती का’ इथून वाद सुरू होतो. किल्ली हरवली तर त्याच दिवशी लेखी नोंद करून ठेवा.

गाडी जागेवर नाही असं दिसलं, तर

वित्त कंपनीने किंवा वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना, एवढी खात्री करून ताबडतोब ११२ला फोन करा आणि पोलीस ठाणं गाठा. ‘दोन दिवस शोधा, मग या’ असं सांगितलं तरी परत फिरू नका. चोरलेली गाडी सोनसाखळी ओढण्यासाठी वापरली गेली तर नंबर तुमचा असतो. एफआयआर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३खाली नोंदवला जातो आणि त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. नवीन कायद्यानुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवून दावा क्रमांक घ्या आणि आरटीओला लेखी कळवा. एफआयआर लगेच केला, पण कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणावरून चोरीचा खरा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दावा नाकारला गेला तर हा निर्णय घेऊन ग्राहक आयोगाकडे जा.

पुढे वाट बघावी लागते ती ‘अ समरी’ची, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, या पोलिसांच्या अहवालाची. त्याशिवाय कंपनी सहसा पैसे सोडत नाही, आणि त्याला काही महिने लागू शकतात. गाडीवर कर्ज असेल तर रक्कम आधी बँकेकडे जाते, आणि दावा मिटेपर्यंत हप्ते चालूच राहतात. ते थांबवू नका, पत खराब होते. बँकेला चोरीची लेखी कल्पना मात्र पहिल्याच आठवड्यात द्या. दावा मिटण्याआधी गाडी सापडली, तर ती मुद्देमाल म्हणून जमा असते आणि न्यायालयात अर्ज करून बंधपत्रावर ताब्यात मिळते. ताबा घेताना मोडतोडीचे फोटो काढा आणि तिथल्या तिथे पंचनाम्यात नोंद करून घ्या, कारण दुरुस्तीचा खर्चही याच ओन डॅमेज विम्यातून मागता येतो.