घराचे गणित : बँक किती देते, आपण किती भरायचे?



आठवीत शेकडेवारी शिकवताना मुले नफा-तोट्याची उदाहरणे भराभर सोडवतात. घर घ्यायची वेळ आली की मात्र मोठी माणसेसुद्धा एकच प्रश्न विचारतात, "हप्ता किती बसेल?" त्याआधीचा प्रश्न राहून जातो : पदरचे किती लागतील?

सयाजीराव महाराजांनी १९०८ साली आपल्या शहरात बँक ऑफ बडोदा स्थापन केली. ती असो वा दुसरी कोणतीही, घराची पूर्ण किंमत बँक कर्जाऊ देत नाही. रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. बाकीची रक्कम आपली. तिला मार्जिन म्हणतात.

समजा, फ्लॅट ४० लाखांचा आहे. ८० टक्क्यांनी कर्ज ३२ लाख, आपले ८ लाख. इथे बरेच जण वही मिटतात! गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे १,९६,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, ४०,००० रुपये. हा खर्च सहसा कर्जासाठीच्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे खिशातून १०,३६,००० रुपये. घर केवळ महिलेच्या नावावर घेतले तर नोंदणी फी माफ आहे, ही सवलत पुष्कळांना ठाऊकच नसते.

बँकेच्या मूल्यांककाने तेच घर ३८ लाखांचे ठरवले, तर कर्ज ३०,४०,००० रुपयेच मिळेल. बिल्डरला ४० लाख द्यायचेच आहेत, तेव्हा आणखी १,६०,००० रुपये उभे करावे लागतील. अशा वेळी लोक घाईने वैयक्तिक कर्ज काढतात. त्याचे व्याज सहसा गृहकर्जाहून बरेच जास्त असते आणि पगारातून दोन हप्ते कापले जातात. माझ्या मते त्यापेक्षा वर्षभर थांबावे किंवा लहान घर पाहावे.

बांधकाम चालू असलेले घर असेल तर रेरा कायदा, २०१६ लक्षात ठेवा. साठेखत, ज्याला इथे आपण बानाखत म्हणतो, नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. विसार देताना पावती घ्या.

आता मुलांसाठी गृहपाठ : ५० लाखांचे घर फक्त आईच्या नावावर घ्यायचे आहे. बँक ८० टक्के देते. घरातून एकूण किती रक्कम लागेल? उत्तर आई-वडिलांसोबत बसून काढावे आणि वर्गशिक्षकांना दाखवावे.