हजार डॉलरचं पेन: घ्यावं की नाही?

वाचनपाठ – पातळी ४

वाचण्यापूर्वी
• तुमच्या घरी शाईचं पेन आहे का? ते कोण वापरतं?
• 'महाग ते चांगलं' हे तुम्हाला पटतं का? एक उदाहरण सांगा.

भाग १: बोरूपासून झरणीपर्यंत

पूर्वी आपल्याकडे लोक बोरूने लिहीत. बोरू म्हणजे कांडीचं टोक तिरकं कापून केलेली लेखणी. मग टाक आला. त्याला धातूची निब असे. पण अडचण दोघांचीही एकच होती. चार शब्द लिहिले की पुन्हा दौतीत बुडवा!

मग शाई पेनाच्या पोटातच का भरू नये? हा विचार जुनाच आहे. पण शाई नीट उतरत नसे. कधी अडायची, तर कधी एकदम भळ्ळकन कागदावर पडायची. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी या अडचणीवरच्या उपायाचं पेटंट घेतलं. त्यांच्या पेनात निबेच्या खाली बारीक खाचा असलेली पट्टी होती. खाचांतून शाई थोडी थोडी खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. हवा वर गेली नाही, तर शाई खाली येत नाही. आजचं पाच डॉलरचं पेन असो की हजार डॉलरचं, दोन्ही याच तत्त्वावर चालतात.

या पेनाला मराठीत 'झरणी' असाही एक सुंदर शब्द आहे. झऱ्यासारखी जिच्यातून शाई झरते, ती झरणी. बोलताना मात्र आपण 'शाईचं पेन' किंवा 'फाउंटन पेन' म्हणतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी शाळेत 'कॅमल' शाई वापरली. ती बनवणाऱ्या कॅम्लिन कंपनीची सुरुवात १९३१ साली मुंबईत दांडेकर कुटुंबाने केली होती.

भाग २: महाग पेनात असतं तरी काय?

माँब्लाँ या जर्मन कंपनीचं 'माइस्टरश्टुक १४९' हे पेन १९५२ पासून मिळतं. काळं, जाडजूड, टोपणावर पांढरी चांदणी. ही चांदणी म्हणजे माँब्लाँ पर्वताचं बर्फाच्छादित शिखर. निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो. ती त्या पर्वताची मीटरमधली उंची! जपानच्या प्लॅटिनम कंपनीच्या एका पेनाचं नावच '३७७६' आहे. ही फुजी पर्वताची उंची. दोन कंपन्या, दोन पर्वत. पण किमतीत मोठा फरक. जपानी पेन साधारण २०० डॉलरच्या आसपास मिळतं, तर '१४९' हजार डॉलरच्या वर जातं.

या किमतीत आपण नेमकं काय विकत घेतो?

सोन्याची निब. १४ कॅरेट म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं. १८ कॅरेट म्हणजे ७५०. पूर्वीच्या काही शाया आम्लयुक्त असत. त्या साध्या पोलादाला गंज चढवत, सोन्याला मात्र काही होत नसे. म्हणून सोनं गरजेचं होतं. आता स्टेनलेस स्टील आलं, त्यामुळे ती गरज फारशी उरली नाही. आणखी एक गंमत: कागदाला सोनं लागतच नाही! निबेच्या टोकावर एका फार कठीण धातूचा बारीक मणी असतो. तोच कागदावर फिरतो. चांगल्या स्टीलच्या निबेलाही असाच मणी असतो.

लवचिकपणा. सोन्याची निब बऱ्याचदा थोडी दबते, म्हणून हाताला मऊ वाटते. हा फरक खरा आहे. पण तो प्रत्येकाला आवडेलच असं नाही.

घडण. पेनाचं अंग कसं घासलंय, टोपण कसं बसतं, शाई किती मावते, निब विकण्याआधी तपासली आहे का, यावर मेहनत जाते.

नाव. दुकानाची झगमग, जाहिरात, पेटी, ती चांदणी. याचेही पैसे आपणच देतो. '१४९'चं काळं अंग रेझिनचं असतं. रेझिन म्हणजे शेवटी एका प्रकारचं प्लास्टिकच.

भाग ३: संवाद

(भाचीची शाळा संपली. आजीने पुण्याहून भेट म्हणून पैसे पाठवले आहेत. भाची आणि आत्या स्वयंपाकघरात बोलत आहेत.)

भाची: आत्या, आजी म्हणाली, "टिकेल असं काहीतरी घे." मी ते चांदणीवालं पेन घेणार आहे.

आत्या: अगं, पण तू शाईच्या पेनाने कधी लिहिलंयस का?

भाची: नाही. पण शिकेन ना!

आत्या: मग तीस डॉलरच्या पेनावर शीक. लॅमी सफारी घे. १९८० मध्ये शाळेच्या मुलांसाठीच काढलं होतं ते. बोटं कुठे ठेवायची ते त्याची पकडच सांगते.

भाची: ते प्लास्टिकचं आहे. टिकणार कसं?

आत्या: माझं बारा वर्षं टिकलंय. आणि सोन्याची निब एकदा फरशीवर टोकावर पडली की वाकते. दुरुस्तीचा खर्चच एका चांगल्या पेनाएवढा होतो.

भाची: म्हणजे महाग पेन घेणारे सगळे वेडे?

आत्या: तसं नाही म्हणत मी. पण हजार भागिले तीस किती?

भाची: तेहतीस आणि वर थोडं.

आत्या: मग ते तेहतीस पट चांगलं लिहितं का? नाही. थोडं चांगलं लिहितं, बस्स.

भाची: बरं, एक विचारू? तू दिवाळीला पैठणी घेतलीस. ती सुती साडीपेक्षा किती पट उबदार आहे?

आत्या (हसते): ऊब मिळावी म्हणून नव्हती गं घेतली मी ती.

भाची: मग? मी पण नुसतं लिहिण्यासाठी नाही घेत. आजीची आठवण म्हणून घेते.

आत्या: हे मात्र पटलं मला. पण एक फरक लक्षात ठेव. पैठणी कपाटात घडी घालून ठेवली तरी चालते. पेन शाई भरून तसंच ठेवलं, तर शाई आत वाळते आणि पेन बंद पडतं. शाईचं पेन रोज लिहिलं तरच टिकतं.

भाची: आणि मी रोज लिहिते का... हं.

आत्या: तेच तुला ठरवायचंय. आजीचे पैसे कुठे पळून जात नाहीत.

भाग ४: मग घ्यावं का?

आमचं मत असं. पाच डॉलरवरून तीस डॉलरवर गेलात, तर फरक लगेच कळतो. तीसवरून दोनशेवर गेलात, तर सोन्याची निब मिळते. रोज लिहिणाऱ्याला हा फरकही जाणवतो. पुढे मात्र लिखाण फारसं सुधारत नाही. तिथून पुढचे पैसे सौंदर्याचे, नावाचे आणि आठवणीचे असतात. ते देणं चूक नाही. पण ते कशासाठी देतोय, हे माहीत असावं. 'गुंतवणूक' म्हणून तर घेऊच नये. नवं पेन एकदा वापरलं की विकताना त्याची किंमत बहुतेक वेळा उतरते.

पेन घेण्याआधी हे पाहा:
१. कागद. स्वस्त वहीवर शाई फुटते. अशा वहीवर कितीही महाग पेन वापरा, अक्षर पसरटच दिसेल.
२. निबेची जाडी. देवनागरीत 'ष्ट्र', 'क्ष्म' अशी दाट जोडाक्षरं असतात. जाड निबेने ती बुजून जातात. जपानी बारीक निब युरोपातल्या बारीक निबेपेक्षा सहसा आणखी बारीक असते.
३. हात. दुकानात जाऊन पेन धरून पाहा. पानभर मराठी लिहा. नुसती सही करून काही कळत नाही.
४. निगा. मधूनमधून पेन साध्या पाण्याने धुवावं लागतं. गरम पाणी वापरू नका.
५. प्रवास. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो आणि अर्धवट भरलेलं पेन गळू शकतं. भारतात जाताना पेन पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर करून ठेवा.

आणि शेवटचा प्रश्न: हे पेन खिशात घालून तुम्ही बसमध्ये बसाल का? 'हरवलं तर?' या भीतीने ते घरी पेटीतच राहणार असेल, तर ते तुमच्यासाठी महाग आहे, मग खिशात पैसे कितीही असोत.

शब्दार्थ
दौत – शाई ठेवायचं छोटं भांडं
खाच – कोरून केलेली बारीक रेघ
घडण – वस्तू बनवण्याची पद्धत
बुजणे – भरून जाऊन दिसेनासं होणे
निगा – काळजी, देखभाल
शाई फुटणे – शाई कागदात शिरून पसरणे

प्रश्न
१. वॉटरमन यांच्या पेनातल्या खाचा कोणती दोन कामं करतात?
२. ४८१० आणि ३७७६ हे आकडे कशाचे आहेत?
३. पूर्वी सोन्याची निब का लागत असे? आता ती गरज का कमी झाली?
४. भाचीने पैठणीचं उदाहरण का दिलं? आत्याचं उत्तर तुम्हाला पटलं का?
५. पाठातली बोलीभाषेतली तीन वाक्यं शोधा आणि ती लेखी मराठीत लिहा. उदा. 'तेच तुला ठरवायचंय.' – 'तेच तुला ठरवायचे आहे.'

चर्चा करा
घरात कोणी मोठी खरेदी केली असेल, तर त्यांना विचारा: यात वापराचे पैसे किती आणि हौसेचे किती?

लिहा
तुम्ही भाची आहात. काय ठरवलं आणि का, हे आजीला १०–१२ ओळींच्या पत्रात कळवा. सुरुवात 'प्रिय आजीस, सा. न.' अशी करा. 'सा. न.' म्हणजे साष्टांग नमस्कार. पत्र हाताने लिहा. पेन कोणतंही चालेल.