गोल्फ कोर्सवरचा ट्रॅफिक जाम

गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ, त्याचा आणि इंजिनिअरिंगचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण रविवारी सकाळी एखाद्या गर्दीच्या कोर्सवर जाऊन बघा. चार तासांत संपायचा अठरा होलचा राउंड पाच-साडेपाच तासांवर जातो आणि जो तो पुढच्या ग्रुपच्या नावाने बोटं मोडत असतो. दोष बहुतेक वेळा त्या ग्रुपचा नसतोच!

प्रत्येक होल म्हणजे एक मशीन आणि चार जणांचा ग्रुप म्हणजे जॉब समजा. पहिला फटका मारायची जागा ती टी, आणि खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत म्हणजे ग्रीन. चार फटक्यांचा पार-४ होल लांब असतो, त्यावर एका वेळी दोन ग्रुप मावतात. पार-५ वर तीन. पार-३ वर मात्र एकच, कारण टीवरून मारलेला बॉल थेट ग्रीनवर जातो. तिथे माणसं उभी असताना मारणार कसा? लाईन तुंबते ती इथे.

आता गणितापुरते आकडे धरू. पार-३ वर टीचे फटके ३ मिनिटं, चालणं २, ग्रीनवरचा खेळ ६, एकूण ११. क्लब मात्र दर ८ मिनिटांनी नवा ग्रुप सोडतोय. म्हणजे प्रत्येक ग्रुप आधीच्यापेक्षा ३ मिनिटं जास्त थांबणार, आणि विसाव्याच्या वाट्याला १९ × ३ = ५७ मिनिटं! गंमत पुढेच आहे. हेच ग्रुप ११ मिनिटांनी सोडले तरी विसावा ग्रुप त्याच वेळेला घरी जातो, फक्त ५७ मिनिटं उन्हात उभं न राहता. ८ मिनिटांनी सोडून क्लबला एकही जादा ग्रुप मिळत नाही. लिटलचा नियम आठवा (सेमिस्टरला येतो तोच): बाहेर पडायचा वेग तोच ठेवून आत माल कोंबला, तर वाढतो तो फक्त आतला वेळ.

मग उपाय? एक जुनाच आहे. ग्रीनवर पोचलेल्या ग्रुपने बाजूला उभं राहून मागच्यांना हात करायचा, 'मारा' म्हणून. मागचे मारतात, आणि ते चालत येत असताना पुढचे आपला खेळ सुरू करतात. चालण्याची २ मिनिटं लपली, ११ चे ९ झाले. आपल्या मायक्रोप्रोसेसरमधलं पाइपलायनिंग, दुसरं काय!

नियमांनीही २०१९ पासून हातभार लावलाय. हरवलेला बॉल शोधायला ५ ऐवजी ३ मिनिटं, फटका ४० सेकंदांत मारावा अशी शिफारस, आणि स्ट्रोक प्लेमध्ये जो तयार असेल त्याने धोका नसेल तर आधी मारावं. पण हे कुठे उपयोगी? तुमच्या पुढचा होल रिकामा पडला असेल तर. पुढे रांगच असेल, तर धावत जाऊन फक्त रांगेत लवकर उभे राहाल.

क्लबच्या कमिट्यांना सोडायचं अंतर वाढवा म्हटलं की धंदा बुडाल्यासारखं वाटतं. खरा बुडतो तो कॅडी. आपल्याकडे त्याला बहुधा राउंडमागे पैसे मिळतात, तासामागे नाही. सकाळचा राउंड दीड तास लांबला की त्याचा दुपारचा दुसरा राउंड हुकतो.