शंभरीला टेकलेल्या आरोपीवर आता खटला कशाला?

प्रश्न : जर्मनीत नव्वदी ओलांडलेल्या नाझींवर अलीकडेपर्यंत खटले चालले, असे वाचले. ही माणसे इतकी वर्षे लपली तरी कुठे होती? आणि या वयात त्यांना कोर्टात खेचून काय मिळते?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बहुतेक जण लपलेच नव्हते. फरारी नाझी म्हटले की आपल्याला आइकमन आठवतो. तो ब्युनोस आयरेसमध्ये खोट्या नावाने राहत होता, १९६० मध्ये इस्रायली हेरांनी त्याला उचलले आणि १९६२ मध्ये तो फासावर गेला. पण ऑस्कर ग्रोनिंगचे काय? आउशवित्झमध्ये आणलेल्या ज्यूंच्या सामानातले पैसे मोजून बर्लिनला पाठवणारा हा कारकून युद्धानंतर जर्मनीतच, स्वतःच्या नावाने राहिला. २००५ मध्ये त्याने बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर सगळे सांगितलेही. त्याची चौकशी सरकारी वकिलांनी १९८५ मध्येच गुंडाळली होती. शिक्षा झाली २०१५ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी.

घोडे अडले होते ते कायद्यात. खून सोडून बाकीचे बहुतेक गुन्हे १९६० पर्यंत मुदतबाह्य झाले. खुनाची मुदतही संपत आली की संसद ती वाढवून देई. १९७९ मध्ये अखेर ती कायमची काढून टाकली. पण आउशवित्झच्या खटल्यात वरच्या न्यायालयाने १९६९ मध्ये भूमिका घेतली होती, की छावणीत नोकरी केली एवढ्याने कोणी दोषी ठरत नाही. अमुक खुनात त्याने नेमकी काय मदत केली ते दाखवा. आता गॅस चेंबरमध्ये गेलेल्यांपैकी साक्ष द्यायला येणार कोण?

ही कोंडी फुटली इव्हान ऊर्फ जॉन डेम्यान्यूकच्या प्रकरणात. युक्रेनचा हा माणूस अमेरिकेत क्लीव्हलंडला मोटारींच्या कारखान्यात कामाला होता. त्रेब्लिंका छावणीचा कुख्यात ‘इव्हान द टेरिबल’ तो हाच, असे वाचलेल्या कैद्यांनी शपथेवर सांगितले आणि १९८८ मध्ये इस्रायलने त्याला फाशी सुनावली. मग सोव्हिएत दप्तरांतून दुसऱ्याच इव्हानचे नाव निघाले आणि १९९३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. (इतक्या उशिराच्या खटल्यांत डोळ्यांवर किती भिस्त ठेवावी, हा धडा तेव्हाच मिळाला.) २०११ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने मात्र तो सोबिबोरला पहाऱ्यावर होता हे दाखवणारे ओळखपत्र आणि तिथे आलेल्या गाड्यांच्या याद्या पाहिल्या. सोबिबोर ही छावणी फक्त मारण्यासाठीच होती, तेव्हा तिथला पहारेकरी प्रत्येक खुनात सामील, असे म्हणत २८,०६० खुनांना साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षे ठोठावली.

त्यानंतर जुनी दप्तरे पुन्हा उघडली. इर्मगार्ड फुर्खनर ही श्टुटहोफ छावणीच्या प्रमुखाची टंकलेखिका. १९५४ मध्ये तिने त्याच साहेबाच्या प्रकरणात साक्ष दिली होती. म्हणजे ती कोण, कुठे, हे सरकारला पक्के ठाऊक होते. ती खरोखर फरार झाली ती २०२१ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी. खटल्याच्या पहिल्याच दिवशी वृद्धाश्रमातून टॅक्सी करून निघाली आणि काही तासांत हॅम्बुर्गमध्ये सापडली. गुन्ह्याच्या वेळी ती अठरा-एकोणीस वर्षांची होती, म्हणून खटला चालला तो अल्पवयीनांच्या न्यायपीठापुढे!

आता मिळते काय? तुरुंगवास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. फुर्खनरला दोन वर्षांची, तीही स्थगित शिक्षा झाली; ग्रोनिंग आत जाण्याआधीच वारला. तरीही मला हे खटले आवश्यक वाटतात. ‘मी फक्त टाइप करत होते’ ही सबब त्यांत तपासली गेली. कचेरीतून छावणीतले काय दिसत होते हे पाहायला न्यायाधीश स्वतः श्टुटहोफला जाऊन आले. १०,५०५ खुनांना साहाय्य केल्याचा निकाल डिसेंबर २०२२ मध्ये लागला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च पातळीवर कायम झाला. डेम्यान्यूक अपील प्रलंबित असतानाच २०१२ मध्ये मेला, त्यामुळे त्याचा निकाल कधी अंतिम झालाच नाही. फुर्खनरचा झाला, ती पुढे पाचच महिन्यांनी गेली.