नवोदयच्या परीक्षेचा सराव घरच्या घरी

दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातले गाव. इथे काय किंवा आसपासच्या गावांत काय, मूल पाचवीत गेले की घरात एक बोलणे निघते. "पोराला नवोदयला बसवायचं का?" लगेच दुसरे बोलणे येते. "बसवलं असतं हो, पण गाइडं घ्या, शिकवणी लावा. एवढा पैसा आणायचा कुठून?" बोलता बोलता अर्जाची तारीख निघून जाते. मूल घरीच राहते.

आम्ही सांगतो, सरावाचे साहित्य फुकट मिळते. ते कुठे मिळते आणि घरी त्याचे काय करायचे, ते या धड्यात पाहू.

नवोदय म्हणजे काय?

जवाहर नवोदय विद्यालय ही केंद्र सरकारची निवासी शाळा. १९८५-८६ साली देशात अशा पहिल्या दोन शाळा निघाल्या. एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. आपल्या बुलढाणा जिल्ह्याची शाळा शेगावला आहे.

मूल सहावीत घेतात. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके, सारे मोफत. नववीपासून काही मुलांकडून दरमहा ६०० रुपये विकास निधी घेतात. पण मुलींना तो माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरच्या मुलांनाही माफ आहे.

सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. त्यांतल्या शंभरात निदान ७५ जागा खेड्यांतल्या मुलांच्या. एकूण जागांत तिसरा हिस्सा मुलींचा. म्हणजे ही शाळा मुळात आपल्यासाठीच काढलेली आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. राहिली ती राहिली. म्हणून मूल चौथीत असतानाच विचार करावा.

परीक्षेत काय असते?

प्रश्न ८०, गुण १००, वेळ २ तास. पेपर मराठीतून देता येतो. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे दिलेली असतात. बरोबर असेल त्याचा गोल पेनाने काळा करायचा. चुकले तर गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न सोडू नये.

पेपरचे तीन भाग असतात.

पहिला भाग बुद्धीचा. ४० प्रश्न, ५० गुण. यात नुसती चित्रे असतात.
दुसरा भाग गणिताचा. २० प्रश्न, २५ गुण.
तिसरा भाग भाषेचा. चार उतारे, प्रत्येकावर ५ प्रश्न. त्याचे २५ गुण.

फुकट साहित्य कुठे मिळते?

पहिले, नवोदयचे माहितीपत्रक. नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते. त्यात चित्रांच्या प्रश्नांचे सगळे नमुने दिलेले असतात. वयाची अट आणि अर्जाची शेवटची तारीखही त्यातच असते. शाळेच्या गुरुजींना म्हणा, "गुरुजी, नवोदयचं माहितीपत्रक मोबाइलवर काढून द्या." यात लाजायचे कारण नाही.

दुसरे, शिष्यवृत्ती परीक्षेचे जुने पेपर. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. तिच्या संकेतस्थळावर मागल्या परीक्षांचे पेपर आणि उत्तरे मिळतात. त्यांतही मराठी, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. एकाच सरावात दोन परीक्षांची तयारी होते.

तिसरे, शाळेची पुस्तके. बालभारतीची पुस्तके मुलांना शाळेत मोफत मिळतात. तिसरी, चौथीची जुनी पुस्तके रद्दीत घालू नका. गणिताचा पाया त्यांतच आहे. पुस्तक हरवले असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येते.

चौथे, गावातले मोठे मूल. गेल्या वर्षी जे परीक्षेला बसले, त्याचे पुस्तक आता रिकामे पडले असेल. मागून आणा, काम झाले की परत करा.

सगळी पाने छापून आणू नका. चित्रांची तेवढी छापा. गणिते पाटीवर उतरवून घ्या.

घरातलेच साहित्य

बुद्धीच्या भागात कागदाची घडी आणि भोक यांचे प्रश्न येतात. कागदाची एक घडी घाला. सुईने भोक पाडा. घडी उघडण्याआधी मुलाला विचारा, "भोकं किती? कुठं कुठं?" मग उघडून दाखवा. एका घडीला दोन भोके, दोन घड्यांना चार.

आरशाचेही प्रश्न येतात. पाटीवर एक अक्षर लिहा. "आरशात हे कसं दिसंल?" असे विचारा. मुलाने काढून दाखवले की मग पाटी आरशापुढे धरा.

गणितासाठी घरचा हिशोब घ्या. सोयाबीनची ३ पोती, प्रत्येकात ६० किलो. भाव क्विंटलला ४,००० रुपये. पैसे किती झाले? वजन १८० किलो, म्हणजे १ क्विंटल ८० किलो. पैसे ७,२०० रुपये. असा हिशोब मुलाकडून करून घ्या आणि तुम्हीही करा.

भाषेसाठी वर्तमानपत्रातली एक बातमी मुलाला मोठ्याने वाचू द्या. मग त्यावर पाच प्रश्न विचारा. पुढच्या दिवशी तुम्ही वाचा, मुलाला विचारू द्या. दोघांचेही वाचन सुधारते.

आईबापांचे काम

कोणी म्हणेल, "आम्ही आत्ता कुठं वाचाया शिकलो. आम्ही काय सराव घेणार?" पण शिकवायचे काम गुरुजींचे आहे. तुम्ही घड्याळ पाहायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. अंक ओळखता आले की तेवढे जमते.

आठवड्यातून एक दिवस ठरवा. मूल पेपर घेऊन दोन तास एका जागी बसेल. मध्ये कोणी हाक मारायची नाही. पेपर झाला की उत्तरांच्या यादीशी एकेक प्रश्न ताडा. चुकलेल्या प्रश्नाला खूण करा. त्यावरून रागावू नका. दुसऱ्या दिवशी तेवढेच प्रश्न मुलाने गुरुजींना विचारावे.

खरी अडचण पुढेच आहे. परीक्षा बहुतेक हिवाळ्यात येते. तेच दिवस कापूस वेचणीचे. मूल शेतात गेले तर चार पैसे वाचतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण रोजचा एक तास मुलाला मिळालाच पाहिजे. मुलगी असेल तर तिच्या हातातला झाडू आणि कडेवरचे भावंड तेवढा वेळ दुसऱ्याने घ्यावे. साहित्य फुकट आहे. हा तास मात्र आपल्यालाच द्यावा लागतो.

फसू नका

अर्जाला फी नाही. "खात्रीचा पेपर देतो", "पैसे द्या, जागा देतो" असे कोणी म्हटले तर त्याला दारातूनच परत लावा. निवड परीक्षेतूनच होते.

अर्जासोबत मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला लागतो. त्यावर पालकाचीही सही लागते. तिथे आता अंगठा लावू नका. सही करा.

जागा ८० आणि बसणारी मुले पुष्कळ. निवड झाली नाही तर मुलाला टाकून बोलू नका. केलेला सराव वाया जात नाही. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झाली की नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिथेही बुद्धीचेच प्रश्न येतात.

वाचा आणि उत्तरे द्या

१. आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय कोठे आहे?
२. ही परीक्षा मुलाला किती वेळा देता येते?
३. ८० प्रश्नांना १२० मिनिटे, तर एका प्रश्नाला किती वेळ?
४. फुकट साहित्य मिळण्याची चार ठिकाणे सांगा.
५. तुमच्या घरी मुलाचा अभ्यासाचा तास कोणता? वहीत लिहा व खाली सही करा.