दूरचा वैद्य आणि जवळचा रोगी

आमच्या भागात औषधापेक्षा वाट महाग पडते. निंबर्ग्याच्या एखाद्या घरात कोणी आजारी पडले, की पहिला प्रश्न निघतो तो आळंदला जावयाचे, कलबुर्गीला की सोलापूरला, हा. आळंदहून कलबुर्गी सुमारे चाळीस किलोमीटर. रोग्यासोबत एक माणूस, दोघांचे बसभाडे, दोघांची बुडालेली मजुरी, आणि दवाखान्यात डॉक्टरांची भेट पाच मिनिटांची! तुरीच्या राशीचे दिवस असले, तर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. या हिशेबापायी किती दुखणी हाताबाहेर गेली, ते प्रत्येक घराने आपापल्या मनाशी आठवावे.

आता घरबसल्या किंवा गावच्या आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली आहे. पण सोय असणे वेगळे आणि तिचा उपयोग करता येणे वेगळे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय वाचकांपुढे थोडा विस्ताराने मांडावा, असे आम्ही योजिले आहे.

ही कल्पना नवी नव्हे

1905 साली हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइन्टोव्हेन या शास्त्रज्ञाने इस्पितळातील रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत उमटविला. पुढे ऑस्ट्रेलियात 1928 साली विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. तेथील ओसाड मुलखात शेकडो मैलांवर एखादे घर. त्यांच्यासाठी पायाने फिरवून चालविण्याचा रेडिओ निघाला. घरोघर औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या आणि त्यांतील प्रत्येक औषधाला क्रमांक दिला गेला. डॉक्टरांनी रेडिओवरून क्रमांक सांगावा आणि घरच्यांनी तेच औषध काढून द्यावे, अशी ती व्यवस्था होती. दूरच्या उपचाराचे मर्म तिच्यात आहे : सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये गोंधळाला जागा राहता कामा नये.

आपल्या कर्नाटकात 2002 साली बंगळूरच्या एका हृदयरुग्णालयाशी चामराजनगरचे जिल्हा रुग्णालय उपग्रहाच्या साहाय्याने जोडले गेले. पुढे 2019 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ‘ई-संजीवनी’ सुरू केली. तिची यंत्रणा मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने उभारली. करोनाच्या टाळेबंदीत, 13 एप्रिल 2020 पासून, घरूनही डॉक्टरांशी बोलता येऊ लागले. फेब्रुवारी 2023 पर्यंत या सेवेतून दहा कोटी सल्ले दिले गेले होते. ही सेवा विनामूल्य आहे, हे प्रथम ध्यानी धरावे. तिच्या नावाने कोणी पैसे मागू लागला, तर तो खचित लबाड समजावा.

दोन वाटा

पहिली वाट घरची. मोबाईलवर ई-संजीवनी उघडावयाची, आपला क्रमांक द्यावयाचा, आलेला ओटीपी भरावयाचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे. पाळी आली की डॉक्टर पडद्यावर दिसतात व बोलतात. शेवटी औषधांची चिठ्ठी मोबाईलवरच येते. ओटीपी आपण स्वतः भरावा; फोनवरून विचारणाऱ्या कोणासही तो सांगू नये.

दुसरी वाट गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिराची. तेथील आरोग्य अधिकारी रोग्याला समोर बसवून ताप, रक्तदाब, साखर मोजतात आणि मग मोठ्या केंद्रातील डॉक्टरांशी गाठ घालून देतात. वृद्धांसाठी, आणि ज्यांना मोबाईल नीट हाताळता येत नाही त्यांच्यासाठी, आमच्या मते हीच वाट बरी. येथे डॉक्टर दूर असले, तरी तपासणारा हात जवळ असतो.

डॉक्टरांपुढे बसण्यापूर्वी

आमच्याच घरातील एका वडीलधाऱ्यांची गोष्ट सांगतो. त्यांना चक्कर येऊ लागली म्हणून दूरच्या डॉक्टरांशी बोलणे झाले. ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे ना?’ असे डॉक्टरांनी विचारताच ‘चालू आहे’ असे उत्तर गेले. ‘पाकीट दाखवा पाहू’ असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा रिकामे पाकीट निघाले! बरे वाटते म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच गोळी बंद झालेली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजून आणावयास सांगितले. तो बराच चढलेला निघाला. बंद केलेली गोळीच पुन्हा सुरू झाली आणि काम भागले. पाकीट मागितले गेले नसते, तर नको असलेली दुसरी गोळी वाढली असती. यात खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. रागावतील या संकोचाने तसे झाले. पण समोर बसलेला वैद्य चेहरा वाचतो, नाडी धरतो. दूरच्या वैद्याला आपल्या शब्दांचाच आधार. तो आधार कच्चा ठेवू नये.

म्हणून बोलण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात : काय होते, केव्हापासून, वाढते आहे की कमी होते आहे, पूर्वीचे आजार व चालू औषधे, आणि कोणते औषध सोसत नाही. सर्व पाकिटे व जुने रिपोर्ट हाताशी ठेवावेत. उजेड तोंडावर येईल असे बसावे. स्त्रियांना मोकळेपणी बोलता यावे म्हणून घरातील गर्दी बाहेर काढावी. लहान मुलाच्या बाबतीत ओळख पटलेला मोठा माणूस सोबत असावाच लागतो.

भाषेची गोष्ट

आमचा हा सीमाभाग. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी. पडद्यावरचे डॉक्टर बहुधा कन्नड बोलणारे. आमच्या म्हाताऱ्या बायका दुखणे किती परींनी सांगतात! ठणका, कळ, चमक, जळजळ, मुरडा, रग. प्रत्येकाचा अर्थ निराळा. पण मध्ये बसलेला नातू कन्नडात सांगताना या सगळ्यांचे एकच ‘नोवु’ करून टाकतो आणि निदानाचा अर्धा धागा तेथेच तुटतो. तेव्हा दुभाषाने घाई करू नये. दुखणे कोठे आहे ते रोग्याने हाताने दाखवावे. एकसारखे की थांबून थांबून, जेवणाआधी की नंतर, हे सावकाश सांगावे. डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनाच पुन्हा म्हणून दाखवावे. सकाळची गोळी रात्री जाण्याची चूक यामुळे टळते.

जे दुरून होत नाही

पोट दाबून पाहणे, छातीला नळी लावणे पडद्यावरून होत नाही. म्हणून ‘प्रत्यक्ष येऊन दाखवा’ असे डॉक्टर म्हणाले, तर त्यांनी टाळले असे समजू नये. ते आपले कर्तव्यच करीत असतात. 25 मार्च 2020 रोजी निघालेल्या दूरवैद्यकाच्या नियमांनी त्यांना तसा अधिकार दिला आहे आणि बोलणे केव्हाही थांबविण्याचा अधिकार रोग्यालाही आहे. अमली व तत्सम काही औषधे दुरून लिहून देता येत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो पाहून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. काही प्रसंगी मोबाईल उघडून पाळीची वाट पाहणे म्हणजे रोग्याचा घात करणे होय. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला, तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, श्वास लागला, शुद्ध हरपली, फवारणीचे औषध पोटात गेले, गरोदर बाईला रक्तस्राव किंवा झटके आले, जुलाबाने मूल मलूल पडले, साप चावला, अशा वेळी सरळ 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सर्पदंशात जखम कापू नये, आवळून बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता रोग्याला न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारींच्या विषावर चालणारी लस रुग्णालयातच मिळते.

याउलट रक्तदाब व मधुमेहाची ठरावीक विचारपूस, खोकला-पडसे, खाज-नायटा, रिपोर्ट दाखवून घेणे, मोठ्या दवाखान्यात जावे की न जावे हे ठरविणे, या कामी दूरचा वैद्य फार उपयोगी. मन खचले, झोप उडाली, तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

आपले काम

शेवटी एक विनंती. गावात ज्याला ही यंत्रणा समजते, अशा शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक तास शेजारच्या दोन वृद्धांसाठी द्यावा. त्यांचा कागद लिहून द्यावा, पाकिटे जुळवावीत, बोलणे संपल्यावर चिठ्ठी वाचून दाखवावी. पूर्वी गावात कोणी आजारी पडले, की बैलगाडी जुंपणारा शेजारी धावून येई. आज गाडीची गरज थोडी कमी झाली असेल. शेजाऱ्याची मात्र तितकीच आहे.