जपानी तलवार : दंतकथा आणि पोलाद

जपानी तलवार कधीच मोडत नाही, अशी चित्रपट पाहून माझीही समजूत झाली होती. अभ्यासाअंती ती बदलली.

'ततारा' नावाच्या मातीच्या भट्टीत लोहयुक्त वाळू आणि कोळसा तीन दिवस, तीन रात्री जाळून 'तामाहागाने' हे पोलाद मिळवीत. त्यात मळी असे, कार्बनचे प्रमाणही सर्वत्र सारखे नसे. म्हणून लोहार ते तापवून, ठोकून त्याच्या घड्या घालीत. १५ घड्यांत ३२,७६८ थर होतात. पण थरांत जादू नाही, तो पोलाद एकजीव करण्याचा उपाय होय.

खरे कसब पाणी देण्यात आहे. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ. तप्त पाते पाण्यात बुडविताच धार झटकन निवून कठीण होते. पाठ सावकाश निवून चिवट राहते. मात्र कठीण धार ठिसूळही असते; चिलखतावर आदळली तर तिचे टवके उडतात.

मग ७०० वर्षांपूर्वीची पाती आजवर टिकली कशी? १८७६ साली सामुराईंना उघडपणे तलवार बाळगण्याची बंदी झाली, तरी जाणकारांनी तेल लावून, गंज टाळून ती जपली. दर घासणीला पाते थोडे झिजते, म्हणून तीही बेताने. टिकाऊपणाचे निम्मे श्रेय पोलादाला, निम्मे सांभाळणाऱ्यांना द्यावे, असे मला वाटते.